फुलाची तारीख

शंकेची पाल एरवी माणसाच्या मनात कधीमधी चुकचुकते. मोहगावच्या नत्थूजींच्या मनात तिनं बिऱ्हाडच थाटलं होतं. गॅसची टाकी दारात आली की ते आतून टांगायचा काटा घेऊन येत, आणि भरलेल्या टाकीचं वजन पाहिल्याशिवाय रिकामी हातची सोडत नसत. औषधाच्या पट्टीवरची तारीख भिंगातून वाचत. देवळात गेले तर एक डोळा देवाकडे आणि एक चपलांकडे. लेकीसाठी अभिजीतचं स्थळ आलं तेव्हा पांढुर्ण्याला त्याच्या ऑफिसात अनोळखी माणूस बनून तीनदा जाऊन आले होते. तिसऱ्या वेळी त्या पोरानं खुर्ची पुढं केली आणि म्हणाला, "काका, बसा, पाणी घ्या." नत्थूजी ते पाणी न पिताच घरी परतले. स्थळाला होकार कळवला खरा, पण बायकोला, लीलाबाईंना, म्हणालेच, की त्याला आपण कोण ते कळलं असणार, उगाच का कुणी पाणी देतं?

लोक हसत, पण याच स्वभावावर त्यांचं पोट होतं. नागपूर-पांढुर्ण्याच्या या भागात संत्र्याचा बगीचा झाडावर माल असतानाच विकला जातो. माल किती आहे ते मालक फुगवून सांगतो आणि व्यापारी दाबून. दोघांचं जमेना की नत्थूजींना बोलावणं येई. ते चार कोपऱ्यांतली आणि मधली झाडं धरत, पानं सारून आतल्या फांद्या बघत, मग बांधावर बसून आकडा सांगत. तोड झाल्यावर कॅरेट मोजली की तो आकडा फारसा चुकलेला नसे. चाळीस वर्षांत त्यांनी एक नेम मोडला नव्हता. आधी कुणी काय अंदाज सांगितला, हे ते ऐकून घेत नसत. कुणी सांगू लागलंच तर सरळ कानांवर हात ठेवत. दुसऱ्याचा आकडा कानात शिरला की आपला डोळा त्याच्याच मागं धावतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि बगीच्यात ते खरंही होतं.

बगीच्यातला नेम बगीच्यातच ठेवावा, एवढं मात्र त्यांना कुणी शिकवलं नाही.

सुचिता त्यांची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठव्या महिन्यात ती पांढुर्ण्याहून मोहगावला आली. येताना कपड्यांच्या बॅगेपेक्षा जड एक फाईल घेऊन आली. दुसऱ्या महिन्यापासून पांढुर्ण्यातल्या ज्या मॅडमकडे ती दाखवत होती, त्यांनी प्रत्येक कागद तारीखवार लावून दिला होता. अंगणवाडीचं कार्डही त्यातच. बाळंतपणही त्यांच्याकडेच करायचं ठरलं होतं. या मॅडमबद्दल नत्थूजींच्या मनात पहिल्यापासून किंतु होता, कारण ती सुचिताच्या सासूची लांबची भाची लागत होती. लांबची असली तरी भाचीच ना!

वीस फेब्रुवारीला तपासणीसाठी ते स्वतः लेकीबरोबर गेले. मॅडमनं मागचे कागद काढले, सोनोग्राफी केली, जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून पाहिले आणि सांगितलं, की बाळाची वाढ व्हायला हवी तेवढी झालेली नाही, बाळाभोवतीचं पाणीही कमी होत चाललं आहे. आठवड्यानं परत बघू. तेव्हाही असंच असलं तर दिवस भरायची वाट न पाहता मूल बाहेर काढावं लागेल, कदाचित ऑपरेशन करून, आणि ते नागपूरला केलेलं बरं, कारण तिथं लहान बाळांना ठेवायची सोय आहे.

सुचिता घाबरली. नत्थूजी घाबरले नाहीत, सावध झाले. सव्वीस वर्षांपूर्वी सुचिताच्याच वेळी एका डॉक्टरनं लीलाबाईंना ताबडतोब ऑपरेशन करायचं सांगितलं होतं. तो डबा खायला गेला आणि तो परत यायच्या आत सुचिता आपली आपण जन्मली. ही गोष्ट नत्थूजींनी गावात निदान हजार वेळा सांगितली असेल. तेव्हापासून डॉक्टरनं घाई केली की त्यांना तो डबा आठवायचा. शिवाय त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं, की या मॅडमनं पोटाला हात लावायच्या आधी कागद बघितले होते. झाडाकडे न बघता वहीतला आकडा वाचणारे पुष्कळ जण त्यांनी पाहिले होते. बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईलाही नागपूरच सांगितलं होतं. मग काय, सगळ्यांच्याच पोरांची वाढ एकाच आठवड्यात खुंटली?

घरी येताच त्यांनी जाहीर केलं, की दवाखाना बदलायचा. सौसरला एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं मोठ्या, हाताला गुण असलेल्या, आणि उगाच पोट कापत नाहीत असा त्यांचा लौकिक. लीलाबाई म्हणाल्या, शेवटच्या महिन्यात कुणी दवाखाना बदलतं का? अभिजीतचे फोनवर फोन आले, ते नत्थूजींनी घेतले नाहीत आणि सुचितालाही घेऊ दिले नाहीत. सुचिता एवढंच म्हणाली, की निदान आठवडा झाला की दाखवू तरी. तिला मात्र त्यांनी समोर बसवून नीट समजावलं.

"हे पाय बाई, तिथं गेल्यावर पांढुर्न्याचं नाव काढाचं नाही. कागद नाही, तारीख नाही, तिनं काय म्हनलं ते तर मुळीच नाही. या बाईनं आपल्या मनानं पोट पायलं पायजे. तवाच समजन कोन खरं बोलून राहिलं ते."

सुचितानं विचारलं, की त्यांनी पाळीची तारीख विचारली तर? आठवत नाही म्हणायचं, नत्थूजी म्हणाले. तिची पाळी लग्नाआधीपासून मागंपुढं होत असे, त्यामुळं ते खोटंही वाटणार नव्हतं. फाईल त्यांनी आपल्या कापडी पिशवीत घातली, ज्या पिशवीत त्यांची वही आणि चष्मा असे. घरात ठेवली तर लीलाबाई हळूच लेकीच्या हाती देतील, अशी त्यांना शंका होती. आता घरातल्या घरात ज्याला चोर दिसतो, त्याच्यापुढं कुणी काय करावं?

सत्तावीस तारखेला ते सौसरला गेले. डॉक्टरीणबाईंनी खरंच आधी पोटाला हात लावला, आणि नत्थूजी तिथंच अर्धे जिंकले. मग बाईंनी शेवटची पाळी विचारली. सुचितानं एकवार बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, आठवत नाही. आधीचे कागद? पांढुर्ण्याला घर बदलताना गहाळ झाले, नत्थूजींनी उत्तर दिलं. ते कागद त्या क्षणी त्यांच्याच मांडीवर होते. बाईंनी दोनदा विचारलं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सापडली तर फार बरं होईल, असंही म्हणाल्या. नत्थूजी मनात म्हणाले, हिलाही पहिल्याचा आकडा हवाच आहे.

सोनोग्राफी झाली. मापावरून बाळ तेहतीस आठवड्यांचं दिसतंय, बाई म्हणाल्या. पाणी थोडं काठावर आहे, पण त्या वयाच्या मानानं वाढ ठीक आहे. तारीख नक्की नसल्यामुळं दहा दिवसांनी पुन्हा बघू, बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र थांबू नका, लगेच या. अजून सहा आठवडे तरी आहेत, आजच घाई नको.

नत्थूजींना वाटलं, आपण मॅडमला रंगेहाथ पकडलं. एक म्हणते वाढ थांबली, काढा. दुसरी म्हणते वाढ ठीक आहे, थांबा. परतताना बसमध्ये त्यांनी लेकीला गरम समोसे खाऊ घातले आणि घरी येऊन लीलाबाईंना दोन्ही अंदाजांतला फरक असा रंगवून सांगितला, की त्यांनाही क्षणभर पटलं. पुढचे आठ-दहा दिवस ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हीच कथा सांगत होते. जुन्या डब्याच्या गोष्टीला आता जोडी मिळाली होती. आत सुचिता दिवसेंदिवस गप्प होत चालली होती, पण गप्प लेक ही कुठल्या बापाला बातमी वाटते?

नऊ मार्चला सकाळी बोरगावच्या विनायकनं त्यांना बोलावून नेलं. त्याचा मृगाचा बहार, म्हणजे पावसाळ्यात फुललेला माल, विकायचा होता, व्यापारी जीपमध्ये बसून होता. नत्थूजींनी पिशवी खांद्याला लावली आणि बगीच्यात शिरले. झाडांवर फळ भरपूर होतं, पण लहान होतं. विनायक मागं मागं चालत सांगत होता, की फळ अजून कोवळं आहे, दीड महिना थांबलं की बघा कसं भरतं. व्यापाऱ्यालाही त्यानं तेच सांगितलं होतं.

नत्थूजींनी एक फळ हातात धरलं, दुसरं धरलं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक बगीच्यात सगळ्यात आधी विचारत. या झाडांना फूल कधी आलं होतं?

विनायक जमिनीकडे पाहत म्हणाला, "ते काई आठवत नाही जी."

असली उत्तरं नत्थूजींना नवी नव्हती. फूल कधी आलं ते कोणता संत्रावाला विसरतो? लपवायचं असलं तरच विसरतो. ते रागानं म्हणाले, "आकडा नको सांगू मले. आकडा मी काढीन. पन तारीख सांग. लहान फय कोवळं हाये म्हून लहान, का वाढ थांबली म्हून लहान, हे नुसतं पाहून कोनालेच समजत नाही. तारखेबिगर मी आंधळा हावो."

विनायकनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात कबूल केलं. फूल जुलैच्या पहिल्याच आठवड्यातलं. विहिरीचं पाणी मधेच आटलं, तेव्हापासून फळ तेवढंच आहे. व्यापाऱ्याला सांगू नका.

नत्थूजी म्हणणार होते, की अरे, मग थांबून काय होणार, थांबलेलं फळ झाडावर ठेवून वाढत नाही, एक दिवस देठ सोडतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. त्यांनी हातातलं फळ सोडलं, बांधावर जाऊन बसले आणि पिशवीतून फाईल काढली. इतक्या दिवसांत त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती. दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही, हा नेम होता ना.

अगदी पहिला कागद. अठरा ऑगस्ट. आठ आठवडे, तीन दिवस. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली, तसंच, जसं फुलापासून तोडीपर्यंत मोजत आले होते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा विनायकला मोजायला लावलं. सदतीस आठवडे, तीन दिवस. सौसरच्या बाईंनी दहा दिवसांपूर्वी तेहतीस सांगितले होते. कागदाप्रमाणे तेव्हा छत्तीस होते. पोट बघून त्यांनी सांगितलं ते चूक नव्हतं, कागद बघून मॅडमनं सांगितलं तेही चूक नव्हतं. दोघींनी एकच गोष्ट पाहिली होती. दुसरीपासून तारीख लपवली होती ती नत्थूजींनी.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा आकडा न सांगता ते बगीच्यातून बाहेर पडले. विनायकच्या मोटरसायकलवर मोहगावला पोहोचले तेव्हा सुचिता पडवीत भिंतीला टेकून हरभरे सोलत बसली होती. समोरचं ताट जवळजवळ रिकामं होतं, म्हणजे ती नुसतीच बसलेली होती. त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं, पोट हालतंय ना?

तिनं मान खाली घातली. "परवापासून कमी हालते. आज सकायपासून एकदाच हाललं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"कसं सांगू बाबा? तुमी म्हनले असते, ते पांढुर्न्याच्या मॅडमनं माया डोक्शात भरवलं. आईले सांगनार होती. पन तिनं तुमालेच सांगितलं असतं."

लीलाबाई दारात उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी लेकीच्या कपड्यांची बॅग आणून उंबऱ्यापाशी ठेवली. गावात जो जीपवाला पहिला भेटला त्यालाच नत्थूजी घेऊन आले. किती घेणार, कोणत्या रस्त्यानं नेणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्या जीपवाल्याला याचंच नवल वाटलं.

सौसरला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी फाईल ठेवली. बाईंनी उभ्यानंच पहिला कागद वाचला, मग शेवटचा. त्या ओरडतील, असं नत्थूजींना वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हा कागद त्या दिवशी तुमच्याकडे होता?" त्यांनी विचारलं.

नत्थूजींनी होकारार्थी मान हलवली.

बाईंनी सुचिताच्या पोटाला पट्टा लावला. बाळाच्या हृदयाचे ठोके खोलीभर ऐकू येऊ लागले. मधूनच ते मंद होत आणि पुन्हा वेग घेत. बाईंनी तिथूनच पांढुर्ण्याच्या मॅडमना फोन लावला. दोघी बोलत होत्या, आणि दाराशी उभ्या नत्थूजींना जन्मात पहिल्यांदा असं वाटत होतं, की दोघींचं एकमत व्हावं. ते दोन मिनिटांत झालं. आजच तिला मोकळं करायचं, नागपूरला, जिथं बाळाला ठेवायची सोय आहे तिथं. नागपूरच्या डॉक्टरांना तयार राहायला सांगून बाईंनी ॲम्ब्युलन्स मागवली आणि आपली एक नर्स बरोबर दिली. निघताना फाईल त्यांनी नत्थूजींच्या हातात दिली नाही. सुचिताच्या उशाशी ठेवली.

नागपूरला पोहोचल्यावर अर्ध्या तासात तिला आत नेलं. लीलाबाईंचा फोन मिळताच पांढुर्ण्याहून गाडी पकडून अभिजीत तिथं पोहोचला तेव्हा त्याला एवढंच माहीत होतं, की बाळाची तब्येत नाजूक आहे. सासरे इतके दिवस फोन का घेत नव्हते, हे त्यानं विचारलं नाही. बाकाच्या टोकावर आखडून बसलेल्या नत्थूजींकडे त्यानं पाहिलं, बाटलीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "बाबा, पाणी घ्या." या वेळी त्यांनी ते घेतलं.

मुलगी झाली. एक किलो आठशे ग्रॅम. रडली, पण उशिरा रडली, म्हणून तिला तसंच काचेच्या पेटीत नेलं. सुचिता ठीक होती. लीलाबाई तिच्यापाशी गेल्या आणि बाहेर सासरा-जावई दोघंच राहिले.

थोड्या वेळानं बाळांचे डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, हातात कागद होता. बाळाचे नातेवाईक कोण, म्हणून त्यांनी विचारलं. पुढचे दोन दिवस काळजीचे आहेत, पण तिला श्वास आपला आपण घेता येतोय, ही मोठी गोष्ट आहे. मग कागदावर पेन टेकवून ते म्हणाले, "किती आठवड्यांचं होतं?"

अभिजीत उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच नत्थूजी उठून उभे राहिले.

"सदतीस आठवडे, तीन दिवस," ते म्हणाले. "पहिली सोनोग्राफी अठरा ऑगस्टची. पांढुर्न्याच्या मॅडमनं वीस फेब्रुवारीलेच सांगितलं होतं, वाढ थांबली म्हून. मीच दवाखाना बदलला. सौसरच्या बाईनं दोनदा कागद मांगितला. तो माया पिशवीत होता. मी लपवला डॉक्टरसाहेब. माया लेकीलेही बोलू देल्लं नाही."

डॉक्टरांनी फक्त आकडा विचारला होता. त्यांनी एकदा नत्थूजींकडे, एकदा अभिजीतकडे पाहिलं, कागदावर सदतीस लिहिलं आणि आत गेले. अभिजीत पाण्याच्या बाटलीचं झाकण हातात धरून तसाच उभा होता. नत्थूजी त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तो काय म्हणतो याची वाट बघू लागले.